सत्यवती गावस आणि काकणांचा नियम

सुपरवायझर झाल्याच्या दिवशी सत्यवती गावसने पेढे वाटले नाहीत. मालक शिवदासबाबांच्या केबिनमधून बाहेर आली, माझ्या टेबलापाशी थांबली आणि हळूच म्हणाली, "अमोल, ती नोटीस आजच लावायला सांगितलीय काय रे?"

मी टाइपरायटरवरचा कागद तिला दाखवला. तिने वाचला नाही. काय असणार ते तिला ठाऊक होतं.

सर्वणच्या वाटेवर काजूची फॅक्टरी होती, तिथे मी टायपिस्ट होतो. गोवा राज्य झालं त्याला आठ-नऊ वर्षं होऊन गेली होती. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत नव्या शेड उठत होत्या, पण आमची फॅक्टरी त्याच्याही आधीची. लांबट, कौलारू. एका टोकाला बॉयलर, मध्ये बिया फोडायची शेड, आणि दुसऱ्या टोकाला जाळीची जनेलं असलेली प्रतवारीची खोली. या खोलीत बायका लांबलचक टेबलांशी बसून आख्खे काजूगर, पाकळ्या आणि तुकडे वेगळे करायच्या. नवरा नदीतल्या खनिजाच्या बार्जीवरून पडून वारला, त्यानंतर सत्यवती तिथे कामाला लागली. लहानग्या लेकीला, रेश्माला, शेजारणीकडे ठेवून यायची. मला आठवतं तेव्हापासून ती खोलीतल्या बायकांची भांडणं मिटवायची, कुणाला ताप आला तर तिचा ढीग आपल्या ढिगाबरोबर उरकायची. तिला हाक मारताना कुणी आडनाव लावत नसे.

त्या वर्षी परदेशच्या एका गिऱ्हाइकाने आमचा डबा उघडला आणि काजूगरांत काच सापडली. तांदळाच्या दाण्याएवढी. त्यांनी फॅक्सने फोटो पाठवला. फोटो काळा-पांढरा होता, पण खाली लिहिलं होतं की काच हिरवी आहे. शिवदासबाब तो कागद हातात धरून प्रतवारीच्या खोलीच्या दारात बराच वेळ उभे राहिले. आत सगळ्यांचे हात चालले होते आणि हिरवी काकणं किणकिणत होती.

गिऱ्हाइकाने अट घातली. पुढच्या हंगामाआधी आयएसओचं सर्टिफिकेट घ्या, नाहीतर माल नको. आजूबाजूच्या दोन फॅक्टऱ्यांना तोवर कुलूप लागलं होतं, त्यामुळे ही नुसती धमकी नाही हे सगळ्यांना कळत होतं.

बायका त्याला 'आयसो' म्हणू लागल्या. "ही आयसो खयची गो? सासू की नणंद?" जानकीने पहिल्याच दिवशी विचारलं आणि सगळी खोली हसली. जानकी दोडामार्गाकडची. नवरा बाबली खाणीवर मातीचा टिपर चालवायचा, म्हणून दोघं डिचोलीत भाड्याच्या खोलीत राहत. सत्यवती आणि ती एकाच टेबलावर समोरासमोर बसायच्या, एकाच डब्यातलं जेवायच्या.

आयसोच्या कामासाठी शिवदासबाबांनी सिद्धी नावाची मुलगी नेमली. पेडण्याकडच्या इब्रामपूरची, मुंबईला शिकलेली. रोज दोन बसगाड्या बदलून यायची. आवाज बारीक, पण बोललेलं मागे घ्यायची नाही. तिने डोक्याला टोप्या दिल्या, हात धुवायला नवे नळ बसवले, चपला बाहेर ठेवायला फळ्या ठोकल्या, जमिनीवर पिवळे पट्टे मारले. बायका कुरकुरल्या आणि सवयीला लागल्या. नळांवर तर खूष झाल्या. तोपर्यंत आयसो ही हसण्यावारी न्यायची गोष्ट होती.

मग काकणांचा विषय निघाला.

शिवदासबाबांनी सत्यवतीला केबिनमध्ये बोलावलं, सुपरवायझर केलं आणि हे काम तिच्यावर टाकलं. दार अर्धवट उघडं होतं, मला ऐकू येत होतं.

"बाब, बाकी सगळं मी सांगते. टोप्या सांगितल्या, नखं सांगितली. एवढं मात्र दुसऱ्या कुणाच्या तोंडून सांगा."

"तुझं ऐकतात त्या. म्हणून तर तुला केलं."

"माझ्याच तोंडून नको, बाब."

त्यांना कळलं नव्हतं असं नाही. पण हंगाम जवळ येत होता, आणि दुसरं कुणी त्यांना दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सगळ्यांना जमवलं. सिद्धीने काचेचा तुकडा कुठून आला असेल ते समजावलं. कुणावर आळ घेतला नाही, चांगलं बोलली. मग तिची नजर बाजूला उभ्या असलेल्या सत्यवतीच्या हातांवर गेली. सिद्धीला येऊन थोडेच दिवस झाले होते. कुणाच्या घरी काय घडलं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"हे बघा," ती उत्साहाने म्हणाली, "सत्यवतीकाकींनी आधीच बांगड्या काढल्या. त्यांना जमलं, तर तुम्हाला का नाही जमणार?"

अंगणात कुणी हललं नाही. सत्यवतीने हात पदराखाली घेतले. सिद्धी आमच्या चेहऱ्यांकडे पाहू लागली, काहीतरी चुकलं एवढं तिला कळलं, काय ते कळेना.

पुढे आली जानकी. "तुमी हिका हेच्यासाठी सुपरवायझर केलात? हिच्यासारखे हात आमचे करूचे म्हणान?" मग ती सत्यवतीकडे वळली. "तुका सांगूक काय जाता, सत्ये? तुझे हात मोकळेच आसत."

बायका शेडकडे न जाता सरळ फाटकाबाहेर गेल्या. त्या दिवशी बिया तशाच पडून राहिल्या.

सत्यवतीच्या नवऱ्याचं सिद्धीला मीच सांगितलं. ती खुर्चीवर बसली ती कितीतरी वेळ उठली नाही.

शिवदासबाब मात्र भडकले होते. सोमवारपासून काचेची काकणं घालून आत सोडणार नाही, अशी मी आधीच टाइप करून ठेवलेली नोटीस फाटकावर लागली. गावात बोभाटा झाला. चार देवळांतून चर्चा झाल्या, कुणी म्हणालं धर्मावर आलंय, कुणी म्हणालं पोटावर. सत्यवती सकाळी पोदेराकडे पाव घ्यायला गेली की बायका बोलणं थांबवायच्या. हळदीकुंकवाला तर तिला आधीही बोलावत नसत, आता ओटीवर बसलेल्या बायका ती येताना दिसली की आत जाऊ लागल्या. रेश्मा हायस्कूलात होती. तिला वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "तुझी आई सगळ्यांची काकणां फोडता म्हणे?" रेश्माने घरी येऊन हे आईला सांगितलं आणि नंतर का सांगितलं म्हणून रडली.

रविवारी सत्यवती जानकीच्या खोलीवर गेली. बाबली घरीच होता. त्याने बसायला मोडा पुढे सरकवला. जानकी चुलीकडे तोंड करून बसली.

"मी सुपरवायझर म्हणून नाही आले," सत्यवती म्हणाली. "फॅक्टरी बंद पडली तर तुझं, माझं आणि त्या सगळ्यांचं काय, ते तुलाही कळतं. तू काढलीस तर बाकीच्या ऐकतील. नाही म्हणालीस तर मी उठून जाईन, पुन्हा विचारणार नाही."

जानकी चूल फुंकत राहिली. मग बाबलीच म्हणाला, "काचेचो काय भरोसो? काढ गो. सांजेक परत घाल."

पण काकणं निघणार कशी? काकणकाराने ती घट्ट भरलेली होती. घट्ट भरलेलीच शोभतात, असं सगळ्या म्हणत. जानकीने साबण लावला, हात चेपला, तळवा लाल झाला. दोन काकणं निघता निघता तडकली. फुटली असं तिथे कुणी म्हणालं नाही, वाढली म्हणाले. जानकीने तुकडे वेचून कागदात गुंडाळले. तिच्या मनगटावर बारीक रक्त आलं होतं, तिने ते पदराने पुसलं.

सोमवारी फाटकावर ती सगळ्यांत पुढे होती. दोन्ही हात वर करून दाखवले, कुणाच्या नजरेला नजर न देता आत गेली. तिच्यामागून निम्म्या बायका गेल्या. उरलेल्या बाहेर थांबल्या, त्यांतल्याही काही दुपारपर्यंत आल्या. प्रतवारीच्या खोलीत पहिल्यांदाच काही वाजत नव्हतं. मी एकदा कागद द्यायला गेलो तर ती शांतता अंगावर आली. सत्यवती टेबलांमधून फिरत होती. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं.

जेवणाची सुटी संपत आली तेव्हा ऑफिसातला फोन वाजला. मीच उचलला. पलीकडून खाणीवरचा माणूस बोलत होता. बाबलीचा टिपर मयेच्या उतरणीवर उलटला होता. भरलेला होता. माणसाला म्हापशाच्या इस्पितळात नेलंय, एवढंच त्याला माहीत. जिवंत आहे का, विचारलं. "नेतेवेळी होतो," तो म्हणाला.

मी प्रतवारीच्या खोलीकडे निघालो. जानकीला कसं सांगावं ते ठरवता येईना, म्हणून दारातूनच सत्यवतीला खूण केली. पण माझा चेहरा जानकीने पाहिला होता. ती उठली.

"बाबली?"

मला मान हलवावी लागली.

जानकीने आपल्या हातांकडे पाहिलं. सगळ्या खोलीने पाहिलं. आणि मग सगळ्यांनी सत्यवतीकडे पाहिलं. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

शिवदासबाबांची गाडी काढली. जानकी मागे बसली आणि सत्यवती न विचारता तिच्या शेजारी. मी पुढे, ड्रायव्हरजवळ. म्हापशाच्या वाटेवर मधे एकदा समोरून मातीने भरलेल्या टिपरांची रांग गेली, तेव्हा जानकीने डोळे मिटले.

बाबलीला ऑपरेशनला नेलं होतं. आम्ही कॉरिडॉरच्या बाकावर बसलो. भिंतीकडे बघत जानकी म्हणाली, "तुझ्या सांगण्यान काढलंय मी. आज सकाळी तेका जातेवेळी उघड्या हातान डबो दिलंय."

सत्यवतीने पदर हातांवर ओढला.

"काय तरी बोल गो! तुका बरा वाटला मगे? आता दोगी सारख्या."

मला वाटलं सत्यवती उठून जाईल. ती उठली नाही. अगदी हळू बोलली, मीही जेमतेम ऐकलं. "तो गेलो तेवा माझ्या हातात काकणां होती, जानके. भरलेली. गणेशचतुर्थीक नवी भरली होती. बार्जीवरचो माणूस सांगूक आयलो तेवा ती वाजत होती."

जानकीने मान वळवली.

"मगे बायांनी माका धरल्यान आणि उंबऱ्यार हात आपटल्यान. माका कोणीच इचारूक नाय. मी तुका इचारूक आयलंय, जानके. आणि तू नाय म्हटलां असतंस तर मी गेलं असतंय. देवाशपथ."

डॉक्टर बाहेर आले. बाबली वाचला होता. उजव्या पायाची हाडं ठिकठिकाणी मोडली होती, पाय राहील, पण पूर्वीसारखा चालेल असं ते सांगू शकत नव्हते. जानकी आत गेली. जाताना तिने सत्यवतीला ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी फॅक्टरीत एकही बाई आली नाही.

शिवदासबाब दोन दिवस थांबले. तिसऱ्या दिवशी त्यांनी सत्यवतीला आणि सिद्धीला बोलावून सांगितलं की घाटावरून नव्या मुली आणणार, राहायची सोय करणार, ठेकेदाराशी बोलणं झालंय. "या बायका म्हणतील तेव्हा परत घेऊ असं होणार नाही. मला सर्टिफिकेट हवंय."

"बाब, मग नव्या मुलींना शिकवायला दुसरी सुपरवायझर बघा," सत्यवती म्हणाली.

"सत्यवती, तू मला धमकी देतेस?"

"नाही. मला जमणार नाही, एवढंच सांगते. त्या बायकांनी पहिल्यांदा नाही म्हटलं तेव्हा आपण त्यांना नोटीस दाखवली. त्या नाही का म्हणतात ते कुणी ऐकलंच नाही. मीही नाही."

शिवदासबाब सिद्धीकडे वळले. तिने बाजू घ्यावी अशी त्यांची अपेक्षा असणार. सिद्धी ठाम बोलली. "काच आत जाणार नाही, हा नियम बदलणार नाही, सर. त्यावर मी तडजोड करणार नाही. पण तो कसा पाळायचा हे स्टँडर्डमध्ये लिहिलेलं नाही. ते आपण ठरवायचं होतं. मी घाई केली. मला आठवडा द्या."

शिवदासबाब बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. शेवटी म्हणाले, "एक आठवडा. त्यानंतर ठेकेदार."

त्या आठवड्यात सिद्धी इब्रामपूरला गेलीच नाही, सत्यवतीच्या घरी राहिली. पहिल्या संध्याकाळी ती अंगणातल्या त्या वाक्याबद्दल माफी मागायला लागली तर सत्यवतीने तिला चहा दिला आणि म्हणाली, "बाय, ते राहू दे. उद्यापासून आपल्याला चालायचंय खूप."

दोघी घरोघर गेल्या. सर्वणला, डिचोलीच्या वाड्यांवर, बस धरून दोडामार्गाकडेही. काही ठिकाणी दार उघडलं नाही. एका घरात म्हातारीने सिद्धीला पाणी दिलं आणि सत्यवतीला दिलं नाही. सिद्धी तशीच भांडं खाली ठेवून उठणार होती, सत्यवतीने डोळ्यांनी तिला थांबवलं. ज्या घरांत बसू दिलं, तिथे त्यांनी फक्त ऐकलं. तेव्हा कळलं की सगळ्यांची अडचण एकच नव्हती. कुणाला नवऱ्याची भीती, कुणाला सासूची. बऱ्याच जणींना काढायला हरकत नव्हती, पण घट्ट काकणं रोज काढणार कशी, आणि एखादी वाढली तर तो अपशकुन कोण सोसणार? काहींना एवढंच हवं होतं की फाटकावर पुरुष रखवालदारासमोर हात दाखवायला लागू नयेत.

त्यातून मार्ग निघत गेला. डिचोलीच्या बाजारातला भिकाजी काकणकार फॅक्टरीत आला, त्याने ज्यांना हवी त्यांना सैल मापाची काकणं भरली, हातातून सहज उतरतील अशी. शोभा नाही म्हणून तो स्वतःच कुरकुरत होता. फाटकावरची तपासणी बंद झाली. आत बायकांसाठी वेगळी खोली झाली, आरसा, कुंकवाचा करंडा, प्रत्येकीला कुलपाचा कप्पा. मंगळसूत्र कामाच्या बंद गळ्याच्या झग्याआड राहील असं ठरलं. ज्यांना काकणं काढायचीच नव्हती त्यांना बिया फोडायच्या शेडमध्ये काम मिळालं, पगार तोच. तरी तिघी परत आल्या नाहीत. त्यांतली एक सत्यवतीशी आजही बोलत नाही.

आठवड्याच्या शेवटी पुन्हा अंगणात सगळ्या जमल्या. या वेळी सिद्धी मागे उभी राहिली. सत्यवतीने काय ठरलंय ते सांगितलं, आणि पदराखालचे हात बाहेर काढून समोर धरले. "माझ्याकडे बघून कुणी काढायची नाहीत. माझी मी काढलेली नाहीत. ज्यांना पटतं त्यांनी आपल्या हाताने काढा आणि सांजेला आपल्या हाताने घाला. नाही पटत त्यांनी शेडमध्ये जा. कुणी कुणाला बोल लावायचा नाही." एवढं बोलून ती प्रतवारीच्या खोलीत गेली आणि रिकाम्या टेबलाशी एकटी बसून राहिली.

मी ऑफिसच्या जनेलातून बघत होतो. अंगणात कुजबुज चालली होती, कुणी पाऊल उचलत नव्हतं. शिवदासबाब माझ्या मागे येऊन उभे होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता. खूप वेळाने एक म्हातारी बाई बायकांच्या खोलीत शिरली. मग दुसरी. मग दार उघडं-बंद होत राहिलं.

जानकी त्यांत नव्हती. ती आली जवळजवळ महिन्याने. बाबली प्लास्टरमध्ये, घर तिच्यावर. तिने सैल काकणं घेतली, कप्प्यात ठेवली आणि सत्यवतीच्या टेबलापासून दूरच्या कोपऱ्यात जागा मागितली. सत्यवतीने दिली.

आयसोच्या ऑडिटला मद्रासकडचा एक वयस्क माणूस आला. दिवसभर तो सगळीकडे फिरला, भट्टीचा थर्मामीटर तपासून घेतलेला नाही म्हणून शेरा लिहिला. सिद्धी ओठ चावत त्याच्या मागे. प्रतवारीच्या खोलीत तो नेमका जानकीपाशी थांबला आणि हिंदीत विचारलं, "चूडी क्यों नहीं पहनी? किसने मना किया?"

सगळे हात थांबले. सत्यवती खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती, तिला मध्ये पडता येत नव्हतं. कामगाराचं उत्तर कामगारानेच द्यायचं, असा ऑडिटचा रिवाज. जानकीने हातातला काजूगर खाली ठेवला. तिच्या मनात काय काय आलं असेल, मला सांगता येणार नाही. त्या घटकेला ती हवं ते बोलू शकत होती आणि आम्ही सगळे तिच्या हाती होतो.

"किसीने नहीं," ती म्हणाली. "काच खाने में जाता है. मैंने खुद निकाला." मग जरा थांबून, "शाम को पहनती हूँ."

त्याने मान डोलावली आणि पुढे गेला.

सर्टिफिकेट पावसाळा संपता संपता आलं. शिवदासबाबांनी ते फ्रेम करून ऑफिसात लावलं. फॅक्टरी पुढे बरीच वर्षं चालली. बाबली लंगडत का होईना चालू लागला, टिपर सोडून त्याने घराजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. सिद्धी पुण्याला गेली.

सत्यवती काही वर्षांनी पेडण्याच्या तुयें वसाहतीत एका नव्या खाद्यपदार्थांच्या कारखान्यात लागली, तिथेही हेच नियम बसवायला. तिथल्या मॅनेजरने पहिल्याच दिवशी तिला भिंतीवर लावायच्या नियमांचे तक्ते दिले. ते तिने कपाटात ठेवले आणि म्हणाली, आधी मला या मुलींची घरं बघून येऊ दे. तो वैतागला, मग कंटाळून हो म्हणाला.

जानकीबद्दल मी तिला एकदा विचारलं. "बोलता गो तुम्ही?"

"बोलतो," ती म्हणाली. "बाजारात भेटली की थांबते. रेश्माचं विचारते, बाबलीचं सांगते." मग थोड्या वेळाने, मी विचारलं नसतानाच, "पहिल्यासारखं एका डब्यातलं नाही जेवलो पुन्हा. ते राहिलं."